ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र: शाळेच्या सहलीसाठी कितपत उपयोगी?

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, ऐरोलीत, वन विभागाच्या कांदळवन (खारफुटीचे जंगल) कक्षाच्या पुढाकाराने उभे राहिलेले किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बहुतेक शाळांना ‘फ्लेमिंगोची बोट’ एवढ्याच नावाने ठाऊक आहे. डिसेंबर उजाडला की शिक्षकांच्या बैठकीत सहलीची यादी निघते, त्यात एक जलउद्यान असते, एक किल्ला असतो आणि गेल्या काही वर्षांत ही बोटही असते. विज्ञान शिकवणारी शिक्षिका म्हणून वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले आहे, आणि शाळेच्या दृष्टीने या जागेचे मोल काय, एवढ्यापुरताच हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगते. बोट चांगली आहे, पैसे वसूल करणारी आहे. पण शिकवण्याजोगे जे आहे ते बोटीपेक्षा चिखलाच्या काठावर जास्त आहे, आणि तो चिखल उघडा दिसावा असे वाटत असेल तर सहलीची तारीख मुख्याध्यापकांच्या सोयीने न ठरवता तिथी पाहून ठरवावी लागते.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, कारण पालकसभेत ‘तिथे आहे तरी काय’ असा प्रश्न हमखास येतो. महाराष्ट्राच्या वन विभागाने कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष 2012 मध्ये स्थापन केला. ठाणे खाडीतील 1690 हेक्टर क्षेत्र ऑगस्ट 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातले सुमारे 896 हेक्टर कांदळवन आहे आणि उरलेले पाणी व चिखलाणी, म्हणजे ओहोटीत उघडी पडणारी चिखलाची सपाटी. ऐरोलीचे केंद्र 2017 पासून लोकांसाठी खुले आहे, आणि 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. सुमारे 26 किलोमीटर लांबीच्या या खाडीच्या एका बाजूला मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा असताना, मधल्या चिखलात हिवाळ्यात लाखाच्या घरात पक्षी उतरतात, ही गोष्ट नकाशा समोर ठेवून सांगितली की सातवीतल्या मुलालाही तिचे नवल कळते. शाळेत नकाशा दाखवायचे हे काम दहा मिनिटांचे असते. मात्र ते सहलीच्या आधी व्हायला हवे. बसमध्ये गाणी सुरू झाल्यावर ते होत नाही.

केंद्राच्या इमारतीतील दालनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कांदळवनाच्या जाती, खाडीतले जीव, किनाऱ्याचे प्रकार यांची चित्रे, प्रतिकृती आणि फलक तिथे आहेत. शोभिवंत सागरी माशांच्या प्रजननाचे कामही या परिसरात चालते, आणि काचेपलीकडचा विदूषक मासा दिसला की लहान मुले हलायचे नाव घेत नाहीत. दालन नीटनेटके आहे. तरीही जे दारापासून हाकेच्या अंतरावर जिवंत दिसते त्याचे चित्र पाहण्यात मुलांचा पहिला, ताजा तास घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी बाहेर जावे आणि उन्हे तापली की आत यावे. बाहेर पाहिलेल्या गोष्टीचे नाव फलकावर सापडले की मूल तो फलक आपणहून वाचते. न पाहिलेल्या गोष्टीचा फलक शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवला तरी तो डोक्यावरून जातो.

या केंद्राचा खरा वर्ग म्हणजे कांदळवनातून जाणारी पायवाट. ओहोटीच्या वेळी तिथे पाऊल ठेवले की सर्वांत आधी वास येतो, आणि दर वर्षी कोणीतरी नाकाला रुमाल लावून विचारतेच, “बाई, हे गटार आहे का?” हा प्रश्न टाळू नये, कारण सगळा धडा त्याच्यापासून सुरू होतो. खाडीत शहरांचे सांडपाणी येते हे खरेच आहे आणि ते मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. पण सडक्या अंड्यासारखा तो वास निव्वळ सांडपाण्याचा नसतो. पाण्याने भिजलेल्या दाट गाळात हवा शिरत नाही, तिथे ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू पानापाचोळा कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. मुलांना हा वायू प्रयोगशाळेच्या धड्यातून माहीत असतो. तो पायाखालून येतो हे कळले की पुढचा प्रश्न त्यांच्याच तोंडून निघतो: गाळात हवा नाही, तर या झाडांची मुळे श्वास कशी घेतात?

उत्तर समोरच उभे असते. तिवर या कांदळवनातल्या झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली, पेन्सिलीएवढी जाड, बोटभर ते वीतभर उंचीची शेकडो श्वसनमुळे हे मुंबई-ठाण्याच्या मुलाने रेल्वेच्या खिडकीतून अनेकदा पाहिलेले, पण कधीच न न्याहाळलेले दृश्य आहे. आम्ही सुतळीची एक मीटर लांब-रुंद चौकट करून नेतो आणि पायवाटेवरून चारही कोपऱ्यांच्या दोऱ्यांनी ती खाली सोडतो, म्हणजे कोणाला चिखलात उतरावे लागत नाही आणि मुळेही तुडवली जात नाहीत. चौकटीतली मुळे मोजायची, मग त्याच चौकटीतले प्लास्टिकचे तुकडे मोजायचे, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे, एवढेच काम. गेल्या खेपेला एका गटात मोठा वाद झाला: तुटलेले मूळ मोजायचे की नाही, आणि पिशवीत गुंडाळले गेलेले मूळ ‘जिवंत’ धरायचे की ‘मेलेले’. त्या वादात पिशवीखालच्या मुळाला हवा मिळत नसणार, हा मुद्दा मी न सांगता निघाला. ‘प्लास्टिकचे दुष्परिणाम’ या विषयावरचे निबंध तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून त्या भांडणाचे मला फार अप्रूप वाटले.

दुसरी गोष्ट पानाची. तिवराचे झाड खारट पाण्यात वाढते आणि मुळांतून आत आलेले जादा मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी, सकाळच्या तिरप्या उन्हात, साध्या भिंगातून पान पाहिले तर त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतात. पान जिभेला लावून पाहण्याची युक्ती अनेक जण सांगतात. या खाडीचे पाणी पाहता शाळेने ती वापरू नये, बोट फिरवून खरखर तपासावी आणि नंतर हात धुवावेत. शेजारी कांदळ हे दुसरे झाड दिसले तर त्याची लांबट हिरवी ‘शेंग’ अवश्य दाखवावी, कारण ती मुळात शेंग नसून झाडावरच रुजलेले रोप असते. ते सुटून गाळात रोवले जाते किंवा पाण्याबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे उभे राहते. बी जमिनीत पेरले की अंकुर फुटतो, असे तिसरीपासून शिकलेल्या मुलांना हा अपवाद मनापासून आवडतो.

चिखल मात्र घाई करणाऱ्याला काहीच देत नाही. पन्नास मुलांचा घोळका आला की सगळे खेकडे बिळात जातात, आणि घोळका पुढे सरकला की वर येतात. त्यामुळे मुलांचे लहान गट करून, प्रत्येक गटाने पायवाटेच्या एकाच ठिकाणी दहा मिनिटे न बोलता बसायचे, असा नियम आम्ही ठेवतो. पहिली तीन मिनिटे कंटाळ्याची असतात. मग एकेक बीळ जागे होते, एक नांगी शरीराच्या मानाने भलतीच मोठी असलेला नर खेकडा ती हलवू लागतो, बिळाच्या तोंडाशी खाऊन टाकलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या दिसू लागतात, आणि कोणाला तरी निवटी दिसते. डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर शरीर रेटत चालणारा हा मासा ओल्या त्वचेतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून हवेतला ऑक्सिजन घेऊ शकतो, म्हणून ओहोटीत तो पाण्याबाहेर सुखाने वावरतो. ‘मासा म्हणजे पाण्यात राहणारा, कल्ल्यांनी श्वास घेणारा प्राणी’ ही पाठ केलेली व्याख्या तिथल्या तिथे डळमळते, आणि आठवीच्या वर्गात ती पुन्हा नीट मांडायला चांगला तास मिळतो.

आता तिथीविषयी. हे सगळे ओहोटीत दिसते, आणि बोट सुटते ती पाणी चढल्यावर. त्यामुळे ‘अकराला पोहोचू, एकला जेवू, दोनला बोट’ असे वेळापत्रक शाळेत बसून करता येत नाही. कोकण किनाऱ्यावर चालत आलेला एक सोपा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पूर्ण ओहोटी त्याच्या आगेमागे सव्वासहा तासांनी येते. ऐरोली खाडीत बरीच आत असल्यामुळे तिथे पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडे उशिरा चढते, तेवढी सूट धरावी आणि अंतिम वेळ केंद्राकडूनच पक्की करून घ्यावी. यावरून शाळेसाठी दोन सोयीचे दिवस निघतात. चतुर्थीच्या आसपास गेले तर सकाळी साडेनऊला चिखल उघडा मिळतो आणि दुपारी पाणी चढताना बोट मिळते; द्वादशीच्या आसपास गेले तर आधी बोट आणि दुपारी चिखल. पौर्णिमेला मुले पोहोचतात तेव्हा भरती असते आणि परतेपर्यंत चिखल जेमतेम डोके वर काढतो. अष्टमीला दुपारी ओहोटी असते खरी, पण कोळी ज्याला भांग म्हणतात ती ही वेळ. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

हा हिशेब मुलांनाच करायला लावावा. दिनदर्शिका घरोघरी भिंतीवर असते, गुणाकार पाचवीचा आहे, आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे का सरकते हा प्रश्न भूगोलाच्या तासाला आपोआप जातो. खाडीकाठच्या कोळीवाड्यातील एखाद्या मुलाचे आजोबा शाळेत येऊन उधाण आणि भांग समजावून सांगायला तयार झाले, तर त्याहून चांगली पूर्वतयारी मला सुचत नाही.

बोटीविषयी लिहिताना थोडा आखडता हात घेते, कारण तिची जाहिरात पुरेशी होते. लाइफ जॅकेट घालून, कांदळवनाच्या भिंतींमधून बोट खाडीच्या पात्रात निघते आणि दोन्ही काठांवरच्या इमारती मागे पडत असताना समोर पक्ष्यांचे थवे दिसू लागतात. इथे एक तिढा समजून घ्यावा लागतो: बोटीला पाणी हवे आणि पक्ष्यांना चिखल. पाणी पूर्ण चढले की खाण्याची जागा बुडते आणि पक्षी विखुरतात. पाणी चढत किंवा उतरत असताना, उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यांवर ते दाटीने उभे असतात, तेव्हा दर्शन सर्वांत चांगले होते. रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मान खाली घालून चोच उलटी करतो आणि तिच्यातल्या चाळणीने पाणी गाळून अन्न वेगळे करतो, हे दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. पाच-सहा मुलांत एक तरी दुर्बीण असावी. नसेल तर मुलांच्या लक्षात फक्त गुलाबी रेघ राहते.

मुलांची पहिली तक्रार असते की सगळे गुलाबी नाहीत. करडे दिसणारे पक्षी म्हणजे वयात न आलेली पिल्ले. गुलाबी रंग शैवालातून आणि बारीक कवचधारी जीवांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो. इथवर मार्गदर्शकही सांगतात. यापुढचा अवघड भाग शिक्षकाने उचलायचा असतो. ठाणे खाडीत रोहित पक्षी एवढ्या संख्येने येण्यामागे सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर वाढणाऱ्या शैवालाचा हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या घाणीबद्दल मुलांनी सकाळी नाक मुरडले, तिच्याशीच दुपारच्या देखण्या दृश्याचा संबंध असू शकतो. मग खाडी स्वच्छ करायची की नाही? प्रदूषण आणखी वाढले तर शैवालही टिकेल का? नववीच्या मुलांनी परतीच्या बसमध्ये यावर जे वाद घातले ते ऐकून, प्रदूषण वाईट आणि झाडे चांगली अशा दोन ओळींत पर्यावरण संपवणारी आपली प्रश्नपत्रिका किती तोकडी आहे हे जाणवते. मे 2024 मध्ये घाटकोपर परिसरात विमानाच्या धडकेने 40 च्या आसपास रोहित पक्षी मेले, ती बातमीही मुलांना आठवत असते आणि ती चर्चेत येतेच, येऊ द्यावी.

सहल ठरवून देणाऱ्या मध्यस्थांविषयी सावध करणे मला भाग आहे. एका आयोजकाने आमच्या मुलांसाठी सकाळी बोट, दुपारी जलउद्यान आणि वाटेत मॉल असा ‘निसर्ग-शिक्षण विशेष’ दिवस आखला होता. भरतीची वेळ त्याने पाहिलेली नव्हती, त्यामुळे मुले नाश्त्याच्या डब्यांसह बसमध्ये बसून राहिली, पायवाट ‘वेळेअभावी’ गाळली गेली आणि शेवटी प्रत्येकाच्या हाती फ्लेमिंगोच्या चित्राचे प्रमाणपत्र पडले. प्रमाणपत्राचा कागद गुळगुळीत होता, एवढे त्याच्या बाजूने नोंदवते. शाळेने थेट केंद्राशी बोलून आरक्षण करावे. त्यात कटकट फारशी नाही, आणि मुलांचे वय, संख्या व काय पाहायचे आहे हे आधी कळवले तर मार्गदर्शकालाही बोलण्याची पातळी ठरवता येते.

मार्गदर्शकावर सगळे सोपवून शिक्षकांनी सावलीत बसावे, ही मात्र आपल्याकडची जुनी खोड. तिथले मार्गदर्शक खाडी ओळखतात. वर्गात मागच्या आठवड्यात काय शिकवले ते त्यांना कसे ठाऊक असणार? तो दुवा शिक्षकानेच जोडायचा. पर्यावरणविषयक खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा भाग करण्याचे निर्देश दिले, आणि त्यातून पाठ्यपुस्तके आली, प्रकल्पवह्या आल्या, गुणही आले. बाहेर जाणे तेवढे ऐच्छिक राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. त्यातले दोन दिवस, एक ओहोटीचा आणि एक भरतीचा, ऐरोलीला दिले तर धोरणातली ओळ प्रत्यक्षात उतरेल. एकाच मोसमात दोनदा, त्यातही एकदा बोटीविना, जाणे शाळेच्या हिशेबनिसाला पटवणे कठीण असते. पायवाटेच्या भेटीचा खर्च बोटीच्या मानाने किरकोळ असतो, हा मुद्दा तिथे उपयोगी पडतो.

तुलना करायची तर, गोरेगावला चित्रनगरीजवळचे बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) संवर्धन शिक्षण केंद्र जंगल, कीटक आणि फुलपाखरे यांसाठी जास्त चांगले. तिथे लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे आणि वेळेचे बंधन कमी. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान मिठी नदीच्या काठी जुन्या कचराभूमीवर, 37 एकरांत उभे केलेले आहे, आणि माणसाने बिघडवलेली जागा माणसालाच कशी सावरता येते हे दाखवायला मुंबईत त्याच्या तोडीचे ठिकाण नाही. चौथीपर्यंतच्या मुलांना मी माहीमलाच नेईन. ऐरोली सहावीपासून पुढे खरी कामी येते, कारण भरती-ओहोटीचा हिशेब आणि न बोलता बसणे या दोन्ही गोष्टी त्याआधी जमत नाहीत.

व्यवहाराचे थोडे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने ऐरोली स्थानक गाठून पुढे रिक्षा करता येते, पण वर्गभर मुले असतील तर बसच बरी. पक्ष्यांसाठी डिसेंबरअखेर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये पक्षी असतात, परंतु उघड्या बोटीतले ऊन लहानांना सोसत नाही. टोपी, पाण्याची बाटली, मळले तरी चालतील असे बूट आणि डासांचे मलम हवेच. गुलाबी-लाल भडक गणवेश शक्यतो नको. सहलीच्या दिवशीची तिथी फळ्यावर आठवडाभर आधीच लिहून ठेवावी, म्हणजे बोट उशिरा सुटली की ‘कधी निघायचे’ हे मुले शिक्षकांना न विचारता पाण्याकडे बघून सांगू लागतात.